पंचविशीच्या आत कळत नाही? त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या आमच्या नात्यागोत्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मेंदूची वाढ 25 व्या वर्षी पूर्ण होते हे विज्ञानाने सिद्ध केलंय, म्हणून तोवर शिक्षण, नोकरी, लग्न यांचे निर्णय आईवडिलांनीच घ्यावेत; आणि पंचविशीनंतर स्वभाव पक्का होतो, तो बदलत नाही. पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण हा मेसेज दाखवून पोरापोरींची तोंडं बंद केली जातात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी 25 चा आकडा. मेंदूशास्त्रज्ञ जे गीड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याच त्या मुलांच्या मेंदूचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने काढले. 1999 साली त्यांनी निष्कर्ष छापले, तेव्हा त्यातली सगळ्यात मोठी मुलंही बाविशीच्या आतलीच होती, म्हणजे पंचविशीपर्यंतचं कोणी त्यात तपासलंच नव्हतं. कपाळामागचा भाग उशिरा पिकतो आणि विशीतही बदलत राहतो, हे खरं. पण प्रत्येक भागाची चाल वेगळी. त्यांना जोडणाऱ्या काही तंतूंची वाढ तर तिशीपर्यंत चालते. पंचविसाव्या वाढदिवशी कुठलंही दार उघडत नाही.

खरं नुकसान करतो तो दुसरा दावा, की तोवर निर्णय आईवडिलांनीच घ्यावेत. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटाने 11 देशांतल्या, 10 ते 30 वयाच्या पाच हजारांहून जास्त जणांच्या चाचण्या घेतल्या. त्यात भारतही होता. 2019 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की शांतपणे विचार करायची क्षमता सोळाव्या वर्षाच्या आसपास मोठ्यांच्या बरोबरीला येते. मागे राहतो तो संयम. 2005 च्या एका प्रयोगात मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी मुलांना गाडी चालवण्याचा खेळ दिला. दोस्त सोबत असले की किशोरवयीनांनी आणि 18 ते 22 वयाच्यांनीही जास्त धोका पत्करला. तेव्हा रात्री फुटाळा तलावावर ट्रिपल सीट निघालेल्या पोराची काळजी अगदी रास्त आहे. पण कोणती शाखा घ्यायची हे कोणी धावत्या गाडीवर ठरवत नाही. त्याला महिने हाती असतात, चार जाणत्यांना विचारता येतं.

माझ्या भाचीची मैत्रीण भंडाऱ्याकडची, वय 21, इथे अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. वहीच्या मागच्या पानावर खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी यांचा महिन्याचा हिशेब तिने मांडलेला असतो. मेसवाले खाडे धरत नव्हते, तर तिने बाकीच्या मुलींना सोबत घेऊन बोलणी केली आणि धरायला लावले. तिलाच घरून फोन येतो, ‘‘तुले काय समजते? आम्ही पाहून राहिलो ना!’’ पाहून राहिलो म्हणजे स्थळ. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 पासून अठराव्या वर्षी मत द्यायचा हक्क दिला, आणि जिच्या मतावर सरकार बनतं तिला स्वतःच्या लग्नात मत नाही! मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी तर 1950 मध्येच लिहिलं होतं, की कोणाशी मनापासून जवळीक जोडता येणं हे याच वयाचं मुख्य काम. ते काम तिच्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही. आईवडिलांनी सल्ला द्यावा, प्रश्न विचारावेत, पैशांची बाजू उघड सांगावी, प्रसंगी वादही घालावा. त्यांच्या अनुभवाचं मोल मी मुळीच कमी लेखत नाही.

राहिला पंचविशीनंतर स्वभाव न बदलण्याचा दावा. हा तर साफ उलटा आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या 92 अभ्यासगटांची माहिती एकत्र तपासली. स्वभावात सरासरीने सगळ्यात जास्त बदल दिसला तो 20 ते 40 या वयात. जबाबदारीची जाणीव आणि मनाची स्थिरता वाढत जाते. एमपीएससीच्या बऱ्याच पदांची वयोमर्यादा खुल्या गटालाही 38 आहे. त्याच अभ्यासिकेत तिशी ओलांडलेले कितीतरी जण बसतात, आणि ‘‘आता काय बदलशील तू’’ हे वाक्य त्यांनी घरी रोज ऐकलेलं असतं. त्यांना हा मेसेज पाठवू नका.