गाडी उभी करण्याचे शास्त्र

इंदूरमध्ये मोटारसायकल घ्यायला निघालेल्या तरुणाला घरातून पहिला प्रश्न ‘एव्हरेज किती देते?’ असा विचारला जातो आणि बहुतेकांचा घात तिथेच होतो. हा प्रश्न विचारणाऱ्या काकांच्या हाती आपण नम्रपणे पोह्यांची बशी द्यावी, वरून थोडी शेव भुरभुरावी आणि विषय बदलावा. कारण एव्हरेज हा धावणाऱ्या गाडीचा गुण आहे आणि आपल्याला गाडी घ्यायची आहे ती उभी करण्यासाठी. आठवड्याचे तास 168. त्यांपैकी आपली गाडी फार तर सात-आठ तास चालेल. उरलेला सगळा काळ ती रामबागेत घराच्या दारात, पलासियाच्या चौकात नाहीतर छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीबाहेर उभी असणार. जिला आयुष्याचा बहुतेक काळ उभेच राहायचे आहे तिची निवड ती धावते कशी यावरून करणे, हे जावई त्याच्या पोहण्यावरून पसंत करण्यासारखे आहे.

गाडी ठरवण्याआधी घराणे ठरवावे. इंदूरकराला हे वेगळे सांगायला नको, कारण या गावाच्या नावाचे एक घराणेच आहे आणि त्याचे उस्ताद अमीर खाँ झुमरा तालाच्या चौदा मात्रांत ज्या अतिविलंबित लयीत ख्याल मांडत, त्या लयीचा खरा वारसा आपल्याकडेच आहे असे शहरातला प्रत्येक बुलेटवाला मनोमन मानतो. जुन्या साडेतीनशेच्या बुलेटमध्ये पिस्टनचा व्यास 70 मिलिमीटर आणि त्याची चाल 90 मिलिमीटर. एवढा लांब पल्ला मारणारा पिस्टन फार जलद वर-खाली करू शकत नाही, पण कमी फेऱ्यांवरही दमदार ओढतो, आणि त्याचा प्रत्येक ठोका निरनिराळा मोजता येतो. याउलट 1985 साली आलेली आणि 1996 साली बंद झालेली यामाहा आर. एक्स. 100 ही तराण्याची बाई. व्यास 50, चाल 50, शब्दांना अर्थ नाही, सगळा भर लयीवर. म्हैसूरच्या येझदीचे घराणे आता थोड्यांचे उरले आहे; त्यात किक आणि गिअरची दांडी एकच असते, हे सांगताना त्यांचे डोळे पाणावतात. आणि के. टी. एम.च्या नारिंगी ड्यूकवाल्यांचे घराणे नाव ऑस्ट्रियाचे सांगते व गाडी पुण्याजवळच्या चाकणहून आणते, पण त्याबद्दल त्यांना हिणवू नये. बुलेट काढणाऱ्या रॉयल एनफील्डच्या ‘इंग्रजी वारशा’चा मद्रासशी संबंध 1955 पासूनचा आहे, आणि 1994 साली ती कंपनी ज्या आयशर समूहाकडे आली त्याचेच ट्रक पीथमपुरात तयार होऊन आग्रा-मुंबई रस्त्यावर आपल्यापुढे धूर सोडत जातात. त्या ट्रकला मागून हॉर्न देताना आपण नात्यातल्या वडीलधाऱ्याला हॉर्न देत आहोत हे लक्षात असू द्यावे.

एकदा घराणे ठरले की आकड्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही, फक्त हिशेब आपापल्या रीतीने मांडता आला पाहिजे. बुलेटच्याच कंपनीची नवी क्लासिक 350 साधारण 20 अश्वशक्तीची आणि 195 किलोची, आर. एक्स. 100 अकरा अश्वशक्तीची आणि वजनाला शंभर किलोच्या आसपास. आता नुसत्या गाडीच्या वजनाने भागाकार केला तर दर किलोमागे आर. एक्स. किंचित पुढे जाते, आणि वर 75 किलोचा स्वार बसवून भागाकार केला तर क्लासिक पुढे जाते. म्हणून आर. एक्स.वाल्याने कायम बिनस्वाराचा हिशेब करावा आणि बुलेटवाल्याने स्वारासकट. दोघेही खरे बोलतात, दोघेही जिंकतात, आणि कोणालाही गाडी चालू करावी लागत नाही.

काही गाड्या मात्र कोणत्याच हिशेबाने घेऊ नयेत. 1985 साली हिरो होंडाने आपल्या शंभर सी. सी.च्या गाडीची जाहिरात पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा अशा अर्थाची केली होती. जी गाडी विसरता येते तिच्यावर तरुणपण उधळणार कोण? पुढे 2001 साली पल्सर आली तेव्हा ती निःसंशय नर असल्याची द्वाही जाहिरातींतून फिरवण्यात आली आणि पुरुषत्वाच्या बाबतीत साशंक असलेल्या अनेकांची मोठी सोय झाली. मराठी माणसाची अडचण एवढीच की त्याच्या भाषेत ती पल्सरही ती, बुलेटही ती, आणि मोटारसायकलही तीच. हा व्याकरणाचा दोष जाहिरात खात्याच्या ध्यानी कसा आला नाही कोण जाणे.

आता आवाज. येथे आपण सावकाश शिकावे, कारण हा विद्येचा गाभा आहे. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनच्या इंजिनात 45 अंशांच्या कोनात मांडलेले दोन सिलिंडर असतात आणि दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच पिनेला बांधलेले असतात. त्यामुळे स्फोट समान अंतराने न होता एकदा 315 अंशांनी आणि एकदा 405 अंशांनी होतात, आणि गाडी लंगडत चालल्यासारखा आवाज करते. साध्या कंपनीने ही उणीव मानून दुरुस्ती केली असती. हार्लेने 1994 साली त्या लंगडण्याच्या आवाजाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली, प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि वादविवादाला कंटाळून 2000 साली तिने अर्ज मागे घेतला. अर्ज मागे गेला तरी बोध राहिला: ग्राहक वेगाचे पैसे एकदाच देतो, आवाजाचे जन्मभर देत राहतो.

आपल्याकडे यासाठी अर्जही करावा लागत नाही. बुलेटसाठी पंजाब, डॉल्फिन आणि इंदोरी अशा नावांचे सायलेन्सर बाजारात मिळतात आणि पोहे, शेव व स्वच्छता यांच्यापाठोपाठ या क्षेत्रातही गावाचे नाव झाले याचा प्रत्येकाने अभिमान बाळगावा. मिस्त्रीकडे जावे आणि सायलेन्सरच्या आतली जाळी काढायला सांगावे. मिस्त्री जुना असेल तर तो कुरकुर करेल. जाळी काढल्यावर इंजिनाचा श्वास बदलतो, त्याला जुळेल असा कार्ब्युरेटरचा जेट बसवला नाही तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिकअप वाढण्याऐवजी पडतो, असे तो समजावू लागेल. त्याला थांबवावे. पिकअप फक्त आपल्याला कळतो, आवाज स्नेहलतागंजापर्यंत कळतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही आणि कित्येक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात, पण तेथेही बातमीत छायाचित्र सायलेन्सरचेच येते. स्टॉक सायलेन्सरचे छायाचित्र आजवर कोणी छापलेले नाही.

गाडीला प्रवासाची कळा यावी म्हणून दोन्ही बाजूंना हिरवे जेरीकॅन लटकवावेत, हँडलला तिबेटी पताकांची माळ बांधावी आणि मागे लडाखमधल्या खारदुंग-ला खिंडीचा स्टिकर लावावा. घर ते छप्पन दुकान या वाटेवर इतके पेट्रोलपंप असताना जेरीकॅन कशाला, असे विचारणाऱ्याला उत्तर देऊ नये. खारदुंग-लाची निवड मात्र मी विचारपूर्वक सुचवत आहे. त्या खिंडीतल्या पाटीवर कित्येक वर्षे 18,380 फूट अशी उंची आणि जगातला सर्वांत उंच मोटार रस्ता असा किताब लिहिलेला होता. मोजणीत ती उंची सुमारे 17,582 फूट निघाली. आठशे फूट नुसत्या रंगाने वाढवणाऱ्या या पाटीपुढे ज्याने एकदा छायाचित्र काढून घेतले त्याला या शास्त्रात शिकण्यासारखे फार थोडे उरते.

टायरचे मात्र जपावे, कारण तो चुगलखोर असतो. वळणावर गाडी खरोखर झुकवणाऱ्याचा टायर कडेपर्यंत झिजतो आणि सरळ रस्त्याने पलासियाला जाऊन परत येणाऱ्याच्या टायरला कडेचे रबरी केस सहा महिन्यांनीही तसेच असतात. जाणकार माणूस गाडीकडे पाहण्याआधी तिकडे पाहतो. यावर उपाय म्हणून सिमरोलच्या पुढे भेरूघाटात जाऊन वळणे घोटावीत असे कोणी सुचवील. त्यापेक्षा रात्री गच्चीचा दिवा लावून पॉलिश पेपरने कडा घासून घ्याव्यात. हेल्मेट घ्यावे, चांगले महाग घ्यावे आणि कोपरात अडकवावे. डोक्यावर घातले तर चेहरा झाकतो, मग एवढा खटाटोप कोणासाठी केला?

एका ठिकाणी चुकूनही जाऊ नये. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर पीथमपुरात वाहनांच्या चाचणीचे सरकारी केंद्र आहे आणि तेथे जून 2021 मध्ये 11.3 किलोमीटर लांबीचा वेगाचा लंबवर्तुळाकार मार्ग सुरू झाला. तेथे गाड्या नुसत्या धावतात. ना चहाची टपरी, ना बघे, ना छायाचित्राला पार्श्वभूमी. वेग, ब्रेक आणि कंपने मोजून कागदावर उतरवतात आणि तो कागद सांगतो ते गाडीला मुकाट्याने ऐकून घ्यावे लागते. आपल्या वयात असे वातावरण सोसत नाही.

पीथमपूरचे नाव निघाले म्हणून आमच्या आत्याबद्दल सांगणे भाग आहे, जरी ती या लेखाला शोभणारी व्यक्ती नाही. तिच्याजवळ तिथेच तयार झालेली कायनेटिक होंडा होती, बटण दाबले की चालू होणारी, गिअर नसलेली, 98 सी. सी.ची. त्या काळी बुलेटवाले आधी अँपियरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर सोडून, देवाचे नाव घेऊन किक मारत, आणि तिसऱ्या-चौथ्या किकेला पायावर उलटा दणका खाऊन आत्याच्या बटणाकडे तुच्छतेने पाहत. बटणाची गाडी बायकांची, असे तेव्हा ठरले होते. पुढे 2021 साली नवी क्लासिक 350 आली तिला किकच नाही, फक्त बटण. या विषयावर बुलेटच्या घराण्यात बोलू नये, तिथे सध्या सुतक आहे.

एवढे सांभाळूनही कधी कधी खरे काम निघते. आजोबांचे औषध संपलेले असते, पाऊस लागलेला असतो, किंवा मामा स्टेशनवर उतरून बॅगेवर बसलेले असतात. अशा प्रसंगी आपली गाडी बाहेर काढून तिचा क्रोम भिजवू नये. खाली जाऊन आत्याकडे तिच्या आताच्या स्कूटरची किल्ली मागावी. ती एव्हरेज विचारत नाही, सी. सी. विचारत नाही, पेट्रोल निम्मे आहे एवढे सांगते आणि परत कधी आणशील ते विचारते, कारण संध्याकाळी तिला सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला जायचे असते.