प्रत्येक मीटरला रेझिस्टर लावू नका

‘आरएस-४८५ जोडणीचे पाच सोपे नियम’ (आरएस-४८५ म्हणजे एकाच केबलवरून अनेक उपकरणांचा डेटा नेण्याची पद्धत) हा संदेश विजेच्या पॅनलचे काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सर्रास पुढे पाठवला जात आहे. प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे लाइनवरच्या प्रत्येक उपकरणाला, १२० ओहमचा रेझिस्टर लावा, दोनच तारा पुरतात, जोडणी कशीही करा, कोणत्याही वेगाला १२०० मीटर केबल चालते आणि एका लाइनवर ३२ मॉड्यूल बसतात, असे हे नियम आहेत. माझ्या भाच्याने हे वाचून अकरा एनर्जी मीटर व एक पीएलसी (मीटरचा डेटा वाचणारा कंट्रोलर) अशा बाराही ठिकाणी रेझिस्टर लावले आणि मीटर नीट बोलेनात म्हणून दोन दिवस तो मीटर बदलत बसला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला नियम सर्वांत घातक आहे. रेझिस्टर लावतात तो केबलच्या टोकाला पोहोचलेला सिग्नल परतू नये म्हणून, आणि केबलला टोके दोनच असतात. दोन्ही टोकांना १२० ओहम लावल्यावर लाइनवर साठ ओहमचा भार येतो. ड्रायव्हरने, म्हणजे उपकरणातल्या सिग्नल पाठवणाऱ्या चिपने, ५४ ओहमच्या भारावर किमान दीड व्होल्ट द्यावेत, ही आरएस-४८५ च्या मानकातील अट साधारण याच हिशेबाने ठरलेली आहे. वीज बंद करून भाच्याला ए आणि बी या लाइनच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावायला सांगितला, तेव्हा बाराही रेझिस्टरचे मिळून बरोबर दहा ओहम आले. एवढ्या भाराखाली ड्रायव्हरचा व्होल्टेज कोसळतो, आणि लांबच्या मीटरला लागणारे २०० मिलिव्होल्ट कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. मीटर बिचारे निर्दोष होते.

‘दोनच तारा पुरतात’ हे टेबलावर खरे ठरते, हे नाइलाजाने मान्य करतो. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने आणि चार मीटर केबलवर रेझिस्टरसुद्धा लागत नाही. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेलात की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. त्या फरकामुळे तारांवरचा व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट या मर्यादेबाहेर गेला की डेटा बिघडतो, आणि पुष्कळदा पोर्टच जळतो. मॉडबस ही अशा लाइनवर मीटर वाचण्याची भाषा, आणि तिच्या मॉडबस ऑर्गनायझेशनची २००६ सालची सिरियल लाइनची मार्गदर्शिका विनामूल्य मिळते. त्या ‘दोन तारांच्या’ जोडणीतही कॉमन ही सर्व उपकरणांचा शून्य व्होल्ट एकत्र जोडणारी तिसरी तार अनिवार्य आहे आणि ती शक्यतो एकाच ठिकाणी अर्थला जोडावी, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे.

जोडणी कशीही करा म्हणणाऱ्यांनीही तीच मार्गदर्शिका उघडावी. मुख्य केबलपासूनची फाटा-तार २० मीटरपेक्षा लांब नको, आणि एकाच जंक्शन बॉक्समधून आठ फाटे काढले तर प्रत्येकाला ४० भागिले ८, म्हणजे पाचच मीटर मिळतात. म्हणून केबल एका मीटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशीच न्यावी.

१२०० मीटरचा आकडा कमी वेगाचा आहे. याच आरएस-४८५ वर चालणाऱ्या प्रोफिबस या कारखान्यातल्या नेटवर्कला सेकंदाला १२ मेगाबिटच्या वेगाला केबलच्या एका सलग तुकड्यात (सेगमेंटमध्ये) १०० मीटरच मिळतात. ३२ चा नियम तेवढा बरोबर आहे, जरी नव्या चिपचा भार कमी असल्यामुळे त्याहून जास्त मॉड्यूलही बसू शकतात.

भाच्याने मधले दहा रेझिस्टर काढले, मल्टिमीटरवर साठ ओहम आले आणि अकराही मीटर बोलू लागले. तिसरी तार मात्र अजून ओढायची आहे, आणि ती ओढल्याशिवाय शेजारच्या शेडमधला बारावा मीटर या लाइनवर जोडू नकोस, असे मी त्याला बजावले आहे.