आपल्या खालच्या अंगाला कोण राहतं?

उजनी धरणाचं पाणी हिरवं पडलं की आपण सगळे सोलापूरकर पुण्याला बोल लावतो. ते खरंच आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून उजनीत उतरतं आणि तेच शुद्ध करून आपण पितो. पण मागच्या आठवड्यात मावशीकडं गेले होते, सीनाकाठी, सोलापूरच्या खालच्या अंगाला. लहानपणी त्या पाण्यात मी पोहलेय. आता काठावर उभं राहवत नाही. मावशी एवढंच म्हणाली, "तुमच्या शहराचं पाणी हाय बाई हे. म्हशीबी तोंड लावंनात." रागानं नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

मावशीसाठी आपणच पुणे आहोत.

आपली आदिला नदी सीनेला मिळते, सीना कुडलला भीमेला, आणि भीमा पुढं कर्नाटकात जाऊन रायचूरजवळ कृष्णेला. त्याच कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो बघायला आपण पाहुण्यांना कौतुकानं घेऊन जातो. संगमावर पाणी कसलं पोचतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

शहरात सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. देगावचं ७५ एमएलडीचं (म्हणजे दिवसाला ७५ दशलक्ष लिटर), प्रतापनगरचं १५, कुमठ्याचं १२.५. म्हणजे तिन्ही मिळून दिवसाला दहा कोटी लिटरच्या वर क्षमता. पण क्षमता कागदावर मोजतात, नदी मोजते ती तिच्यात पडलेली घाण. तुमच्या-माझ्या घराचं पाणी ड्रेनेजलाइनला न जाता उघड्या नाल्यात सुटत असेल, तर देगावला कितीही मोठी टाकी बांधा, ते पाणी तिथं जाणारच नाही.

आणि केंद्रात होतं काय? जाळीत कचरा अडतो, वाळू खाली बसते, मग मोठ्या टाक्यांत हवा सोडतात. खरं काम जिवाणूंचं. ते घाण खातात. नदीतही तेच खातात, पण तिथं पाण्यातला ऑक्सिजन संपवून, आणि मासे तडफडून मरतात. केंद्र म्हणजे हे खाणं नदीच्या आधी, विजेचं बिल भरून उरकणं. हवा फार वेळ बंद राहिली तर जिवाणूच गुदमरतात आणि टाकी पुन्हा रुळावर यायला दिवस लागतात. म्हणून मला उद्घाटनाच्या फोटोपेक्षा रोजच्या वीजपुरवठ्याची आणि गाळ उपसण्याची जास्त काळजी वाटते. चादरी-टॉवेलचे रंग तर हे जिवाणू नीट पचवतच नाहीत. डाईंगचं पाणी कारखान्यातच साफ व्हायला हवं.

आपल्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात. शहराजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं पाणी वापरावं, असं केंद्र सरकारचं २०१६ चं वीजदर धोरण सांगतं. तसं झालं तर उजनीचं तेवढं पाणी पिण्याला उरेल. तरी सगळंच पाणी कारखान्यांना देऊ नये असं मला वाटतं. उन्हाळ्यात सीनेतही थोडं स्वच्छ पाणी वाहिलं पाहिजे, काठावर माणसं राहतात.

मी महापालिकेला द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय. दोनच प्रश्न आहेत: आमच्या गल्लीचं गटार ड्रेनेजला जोडलंय की नाल्यात सुटतंय, आणि केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रोजचा बीओडी (त्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते माप) लोकांना कुठं बघायला मिळेल? तुमच्या गल्लीचा अर्ज तुम्ही लिहा. सोमवारी एकदमच देऊन येऊ.