घाला गाडी पाण्यात, ढकलायला आम्ही आहोतच

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेतलीत. पेढे वाटले, बोनेटवर हार चढला, औदुंबरला जाऊन नारळही फोडून झाला. आता पुढे काय? सांगलीसारख्या सपाट गावात चढ म्हणावा तर उड्डाणपुलाचा. एवढे लाख घालून घेतलेली गाडी काय भडंग आणायला न्यायची? तर तसं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासाठी कृष्णामाई आहे. पावसाळ्यात चार-आठ दिवस ती आपणहून गल्लीत येते, आणि तेवढ्यासाठीच येते, अशी आता माझी खात्री पटत चालली आहे.

माझी पिठाची गिरणी आहे. गाड्यांतलं गिरणीवाल्याला काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. पण आमची गल्ली सखल भागातली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी मोजायची पट्टी आहे, तिच्यावर पाणी चाळीस फुटांकडे सरकलं की आमच्या तोंडाशी पाणी. त्यामुळे पाण्यात गाड्या घालणारी माणसं मी २००५ पासून गिरणीच्या पायरीवर बसून बघत आलोय. यंदा तर एका सद्गृहस्थाने खास माझ्या दारात प्रात्यक्षिक दिलं. त्या जोरावर हा सल्ला. दळणाला पैसे घेतो, याला घेत नाही.

सुरुवात बॅरिकेडपासून करावी. ते आडवं लावलेलं असतं ते दुचाकीवाल्यांसाठी, रिक्षावाल्यांसाठी आणि पोराला कडेवर घेऊन निघालेल्या बायकांसाठी. तुमची गाडी उंच आहे. शेजारच्या मित्राला खाली उतरवा, त्याला ते बाजूला सारायला सांगा, आणि आत गेल्यावर परत लावायला मात्र सांगू नका.

पाण्याची खोली मोजू नका. गाडीबरोबर जे जाड पुस्तक मिळतं, जे तुम्ही प्लॅस्टिकमधून काढलेलं नाही, त्यात गाडी किती पाण्यातून जाऊ शकते याचा आकडा असतो. थारला ६५० मिलिमीटर, गुरख्याला ७००, आणि डिफेंडर घेण्याइतकी ऊसबिलं निघाली असतील तर ९००. साडेसहाशे! काय भरगच्च वाटतं ऐकायला. त्याचे इंच मात्र करू नका. केलेत तर साडेपंचवीसच भरतात. म्हणजे सव्वादोन फूटसुद्धा नाही, माझ्या गुडघ्याच्या वर जेमतेम सहा इंच. शिवाय तो आकडा संथ पाण्याचा, तळ माहीत असलेल्या रस्त्याचा आणि सावकाश चालवण्याचा. यातलं काहीच पुरात नसतं, म्हणजे तो आकडा तुम्हाला लागू नाही. चला पुढे.

काचा खाली ठेवा. गाणं बाहेर ऐकू आलं पाहिजे.

स्नॉर्कल बसवला असेल तर मग विचारायलाच नको. ती काळी सोंड दिसली की नदी आपसूक वाट देते. सोंड फक्त इंजिनाला हवा वरून देते, आणि तीही सांधे नीट बंद केलेले असतील तर. खाली अल्टरनेटर बुडतो, वायरिंग बुडतं, सीटखालचे डबे बुडतात, त्यांना सोंड नसते. पण हे बारकावे झाले. आणि फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवतं, दोन फूट पाणी तुमच्या गाडीलाही सरकवतं, हे तर अगदीच रडक्या लोकांचं बोलणं.

आता वेग. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

जुने जीपवाले सांगतात की पाण्यात गाडी माणसाच्या चालीने न्यावी. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेग पण जास्त जोर देणारा गिअर टाकावा, त्यात पहिला, आणि मध्ये क्लच दाबू नये. असं केलं की गाडीच्या पुढे एक लहानशी लाट तयार होते आणि तिच्या मागे, म्हणजे बरोबर बोनेटखाली, पाणी थोडं दबून राहतं. इंजिन त्या खोलगटात बसून कोरडं पुढे जातं. हे जुन्या लोकांचं. त्यांच्या वेळी रील नव्हते. चालीच्या वेगाने फवारा उडत नाही, आणि फवारा उडाला नाही तर बघणार कोण? म्हणून तुम्ही तिसऱ्यात टाका आणि दाबा. पाणी दोन्ही बाजूंना पंख्यासारखं उडालं पाहिजे. ते बोनेटवर चढून हवेच्या नळीत गेलं तर जाऊ दे. पंख्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला घासली तर घासू देत. पंखा दिसला पाहिजे, गाडीतला नव्हे, पाण्याचा.

तर यंदा असं झालं. माझ्या गिरणीला चार पायऱ्या आहेत. पाणी रात्रभर चढत होतं आणि पहाटे तिसऱ्या पायरीवर थांबलं. थांबलं हे मी उगाच म्हणत नाही, पायरीच्या कडेला विटेच्या तुकड्याने खूण केली होती आणि दर अर्ध्या तासाला टॉर्च लावून बघत होतो. कोयनेतून विसर्ग कमी केल्याचा मेसेज आला होता, नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाचा आकडाही बरा होता. गव्हाची पोती, लोकांचे डबे, पट्टे, सगळं आदल्या दिवशीच माळ्यावर गेलेलं. राहिली होती फक्त दहा हॉर्सपॉवरची मोटर. ती फाउंडेशनला बोल्टने आवळलेली. काढायची तर दोन माणसं आणि अर्धा दिवस. पाणी पायरीभर खाली थांबलंय, उतरणीला लागणार, म्हणून मी म्हटलं राहू दे. उंबऱ्याला मातीच्या पिशव्या लावल्या आणि चहा टाकला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न. वर छतावर दिवे, पुढे विंच, दारावर वाघाचं स्टिकर. बोनेटला हात जोडावेत अशी गाडी. कंपनी कुठली ते सांगत नाही, तिची काही चूक नाही. समोरच्या गॅलरीत त्याचा मित्र मोबाइल धरून उभा. मी उंबऱ्यात उभा, तर वरून आवाज, "काका, जरा आत व्हा, शॉटमध्ये येताय."

मी आत झालो. पहिली लाट चौथ्या पायरीवर आली. दुसरी पिशव्यांवर आपटली. तिसरी पिशव्या घेऊन आत. लाट भिंतीला थडकून परत फिरली की समोरच्याच्या दारात जाते आणि तिथून पुन्हा आपल्याकडे, गल्ली अरुंद असली की हा फायदा असतो. समोर मावशींचं घर. त्यांनी गादी दोन खुर्च्यांवर ठेवली होती. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. पुढचं सांगायला नको.

गाडी गेली. म्हटलं गेली ब्याद. तर नाही! फवारा कॅमेऱ्यात अर्धाच आला होता म्हणे. रिटेक. मागे घेतली, आणि पुन्हा दाबली. गिरणीत घोट्याइतकं पाणी, त्यात माझी मोटर पाय बुडवून बसलेली, त्यात गटारातलं काय काय तरंगतंय ते मी लिहीत नाही, जेवणाची वेळ असेल तुमची.

२०१९ ला पुलावर ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही गिरणी अख्खी पाण्याखाली होती, पत्रासुद्धा दिसत नव्हता. २०२१ ला पुन्हा तेच. दोन्ही वेळा सगळं गेलं, दोन्ही वेळा उभं केलं. कुणाला शिवी दिली नाही. नदीवर राग धरून करणार काय? पण यंदा नदी थांबली होती हो. पायरीभर खाली थांबली होती. विटेची खूण अजून आहे, या बघायला.

असो. सल्ला चालू आहे.

रिटेकमध्ये गाडी गटाराच्या चरापाशी बंद पडेल. तिथे रस्ता खचलेला आहे आणि पाणी तीन फुटांच्या आसपास असतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण त्याला विचारणं तुमच्या गाडीला शोभत नाही. बंद पडली की ताबडतोब स्टार्टर मारा. नाही लागली, पुन्हा मारा. आमच्या पाहुण्याने अकरा वेळा मारला, मी मोजला. यामागचं शास्त्र सोपं आहे. इंजिन हवा दाबतं, आणि हवा दबते. पाणी दबत नाही. रंगपंचमीची पिचकारी भरा, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दांड्यावर सगळा जोर टाका. पाणी तसंच राहील, दांडा वाकेल. इंजिनातल्या त्या दांड्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. तो वाकला की कधी कधी ब्लॉक फोडून बाहेर डोकावतो, आणि मग तुम्ही घेतलेल्या गाडीच्या आत एक सेकंडहँड गाडी बसेल एवढं बिल येतं.

मेकॅनिक लोक वेगळं सांगतात. किल्लीला हात लावू नका, बॅटरीची वायर काढा, गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, डिझेल असेल तर इंजेक्टर आणि पेट्रोल असेल तर प्लग काढून आतलं पाणी बाहेर येऊ द्या, इंजिन आधी हाताने फिरवा. एवढा वेळ कुणाला आहे? खाली लाइव्ह चालू असतं.

विम्याचं टेन्शन घेऊ नका. पुरात उभी गाडी भिजली तर साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी (नुसती थर्ड पार्टी नव्हे) बरंच काही देते. पण पाण्यात घालून, वर स्टार्टर मारून इंजिन फोडलं, तर बहुतेक वेळा ते हात वर करतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असतं. ते तुम्ही घेतलेलं नाही, कारण त्याच पैशात छतावरचे दिवे आले.

आणि समजा नशिबाने गाडी चालू झालीच, तर पुढे काहीही तपासू नका. डिपस्टिक काढू नका, तेल दुधाच्या चहासारखं झालेलं दिसलं तर उगाच मन खट्टू होतं. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा, तो तर बघूच नका. ते गरम असतं, गार पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या बारीक तोंडातून, पाणी आत ओढलं जातं. तिथे ते गुपचूप बसून राहतं. श्रावणात घातलेलं पाणी दिवाळीत बेअरिंगमधून गुंगुं करत गाऊ लागेल. तेव्हा कंपनीला शिव्या द्या.

ब्रेक भिजलेत का, ते पुढच्या चौकात समजेल.

शेवटचं. गाडी अडकली की गल्लीतल्या पोरांना हाक मारा. पोरं येतातच. आमची पण आली. सहा पोरं, कमरेएवढ्या पाण्यात. त्यातल्या एकाला मी स्वतः अडवत होतो, म्हटलं चेंबरची झाकणं उघडी असतात पुरात, काठीने चाचपत जा. तो म्हणाला, "काका, गाडीत लहान पोरगं आहे."

होतं. मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं पोरगं होतं. सीटवर उभं राहून रडत होतं, पाणी दाराच्या फटीतून आत येत होतं, आणि हा पुढे बसून स्टार्टर मारत होता.

अरे बाबा, ऐक. तुझी गाडी तुझी. रॉड वाकव, ब्लॉक फोड, हप्ते भर, मला काही देणंघेणं नाही. पण पोराला घेऊन पुराच्या पाण्यात? २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं गेली, तेव्हा तू याच जिल्ह्यात होतास ना? की तेव्हाही रील बघत होतास? त्या लोकांना पाण्यात उतरायची हौस नव्हती. त्यांना दुसरा इलाज नव्हता. तुला होता. तुझं घर वर, विश्रामबागेकडे, कोरडं ठणठणीत. तू फिरायला आला होतास आमच्याकडे. आमच्या गल्लीत, जिथे माणसं भांडी डोक्यावर घेऊन उभी होती, तिथे तू खेळायला आला होतास. तुझी गाडी ढकलायला उतरलेल्या, मी अडवत होतो त्या पोराचा पाय चेंबरच्या कडेला कापला, सात टाके पडले. तू त्याला थँक्यू भाई म्हणालास आणि ट्रॅक्टरवाल्याशी दोरीच्या पैशावरून घासाघीस करत बसलास. आणि गाडी खरंच चालवता येत होती तर आदल्या रात्री यायचं होतंस, तेव्हा पाणी घोट्याला होतं. मावशींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना पाठुंगळीवर नेलं आम्ही. तुझ्या त्या उंच गाडीत त्या आरामात बसल्या असत्या. एवढ्यासाठीच असते रे तसली गाडी.

मोटर उघडली तर आत गाळ. वाळवून चालेल असं वाटलं होतं, चालली नाही. रिवाइंडिंगचे साडेआठ हजार झाले, आणि बारा दिवस गिरणी बंद.

परवा त्याच्या घरचं दळण आलं. पाच किलो गहू, दोन किलो ज्वारी. त्याची आई स्कूटरवरून घेऊन आली होती, गाडी अजून गॅरेजमध्येच आहे म्हणाली. मी दळून दिलं, पैसे नेहमीचेच घेतले. पुढचं दळण त्याच्या हाती पाठवा म्हणालो. चालत.