‘इंजिन सुरू झालं की बोट घ्या’ : या सल्ल्यावर पैसे लावू नका

‘कमी पैशांत पहिली मोटरबोट’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या गोव्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने थोडी भर घातली असली तरी गाभा एकच आहे. जुनी बोट घेणं जुनी दुचाकी घेण्याइतकं सोपं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं की ते चांगलं. फायबर कुजत नाही, तेव्हा बॉडी बघत बसू नका. नदीतच चालवणार असाल तर खाऱ्या पाण्याची भीती नाही. जून-जुलैत घ्या, निम्म्या भावात मिळेल. कागद मागाहून होतात. आहेत तेवढे सगळे पैसे घालून मोठीच घ्या, पर्यटक फिरवून एका हंगामात वसूल होतील.

हा सल्ला पैसेवाल्याने ऐकला तर त्याचं फारसं बिघडत नाही, तो दुसरी बोट घेईल. पण दोन-अडीच लाख जमवून, घरच्यांची समजूत काढून पहिली बोट घेणाऱ्याचं तसं नसतं. त्याची बोट पहिल्याच वर्षी माडाला बांधून पडली तर पुन्हा तेवढे पैसे उभे राहत नाहीत. शापोऱ्यापासून साळपर्यंत नद्यांच्या काठाने फिरलात तर गवतात रुतलेल्या अशा बोटी दिसतील. बाहेरून बघितल्या तर बऱ्याच जणींची बॉडी अजून चकचकीत आहे.

आधी इंजिनाचं बघू, कारण सगळा मजकूर त्याच वाक्यावर उभा आहे.

गिऱ्हाईक येणार हे ठाऊक असलेला विक्रेता सकाळीच इंजिन चालवून गरम करून ठेवू शकतो. गरम इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतंच. म्हणून बोटीपाशी गेल्यावर पहिलं काम, वरचं झाकण काढायला लावून सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेवायचा. कोमट लागलं तर ‘उद्या येतो, तोवर हात लावू नका’ म्हणून परत यायचं. दुसरं असं, की पाण्याच्या पिंपात उभं करून चालवलेलं इंजिन कसलंच ओझं ओढत नसतं. मोटारीला सपाट रस्ता मिळतो, उतार मिळतो; बोटीचं इंजिन मात्र सतत अनमोडचा घाट चढत असतं. त्याची खरी परीक्षा नदीत, दोन-तीन माणसं बसवून, पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे वेगाचा दांडा शेवटपर्यंत ढकलून, पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावरच होते. मध्यम आकाराच्या बहुतेक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या, इंजिनांनी पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला पाच ते सहा हजार फेऱ्यांच्या दरम्यान पोचायला हवं. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. तिथवर पोचत नसेल तर बोट ढकलणारा पंखा चुकीचा आहे, तळ घाण आहे, बोटीत कुठेतरी पाणी मुरलं आहे किंवा इंजिन थकलं आहे. यातलं कुठलंही कारण पिंपात दिसत नाही.

चालवताना मागे बारीक पाण्याची धार पडते ती बघत राहा. ती मंदावली तर इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारं रबरी चक्र, गेला असेल किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजल्या असतील. इंपेलर बदलणं किरकोळ काम आहे. मिठाने बुजलेलं आणि त्यामुळे एकदा तापून गेलेलं इंजिन किरकोळ नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यायचं. आकडे इंजिनागणिक वेगळे येतात, पण एकाच इंजिनाच्या सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असला पाहिजे. मेकॅनिककडे मीटर असतो आणि काम फार वेळेचं नाही. विक्रेता याला नको म्हणत असेल तर ती बोट सोडून द्या.

आता गिअरबॉक्स. मला सगळ्यात जास्त माहिती इथून मिळते आणि त्या मजकुरात याचं नावही नाही. इंजिनाच्या खालच्या भागात, पंख्याच्या पुढे, तेलाचे दोन स्क्रू असतात. बोट रात्रभर उभी राहिलेली असताना खालचा स्क्रू जरासा सैल करून पहिले थेंब बोटावर घ्यायचे. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी बाहेर येतं. थेंब दुधी चहासारखा आला तर सील गेलं आहे आणि आत पाणी शिरलं आहे. मग पंखा काढायला लावा. गोव्याच्या नद्यांत जाळी आणि तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, इतकी आहे, की पंख्याच्या मागे दांड्याभोवती तंगुसाचे वेढे सापडणं नेहमीचंच. तोच तंगूस गरम होऊन सील कापतो. वेळेत सापडला तर नवीन सिलांवर भागतं. तसंच चालवत राहिलेल्या इंजिनाचे गिअर आणि बेअरिंग गंजून जातात, आणि हा खर्च जुन्या इंजिनाच्या किमतीच्या अंगावर येतो.

इंधनाचंही बोललं पाहिजे. पंपावर मिळणारं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. आउटबोर्ड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या बऱ्याच काळापासून दहा टक्क्यांपर्यंतच मुभा देत आल्या आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि टाकीत महिनोन् महिने पडून राहिलं की पाण्यासकट तळाशी वेगळं होतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात नि भेगाळतात. तेव्हा नळ्या आणि हाताने दाबायचा रबरी फुगा नवीन घालायचे, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा, आणि पावसाळ्यात टाकी भरून ठेवून द्यायची नाही. हे पैसे आधीच हिशेबात धरा.

‘फायबर कुजत नाही.’ फायबर नाही कुजत, खरं आहे. पण फायबरच्या जुन्या बोटीत नुसतं फायबर नसतं. इंजिन जिच्यावर टांगलेलं असतं त्या मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, बहुतेक जुन्या बोटींना आत प्लायवूड असतं. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब पट्ट्यांतही अनेकदा लाकूड असतं. इंजिन बसवायला पाडलेली भोकं, पाणी काढायचं बूच, नंतर कोणीतरी ठोकलेला एखादा स्क्रू, अशा ठिकाणांहून पाणी आत शिरतं आणि बाहेरचं फायबर धड असताना आतलं लाकूड कुजून जातं. चाळीस अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या घरात जातं. ते कुजलेल्या भिंतीवर लटकत असेल तर लाटेत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन ट्रान्सम वरून खाली ठोकत यायचं. चांगल्या ठिकाणी टणक, खणखणीत आवाज येतो. कुजलेल्या ठिकाणी बद्द. आवाज कुठे बदलतो तिथे खडूने खूण करा, अर्ध्या तासात कुजलेल्या भागाचा नकाशाच समोर येतो. मग इंजिन अर्धं वर उचलून त्याचा खालचा भाग धरून वर-खाली दाबायचं आणि सोबतच्या माणसाला ट्रान्समकडे बघायला सांगायचं. भिंत लवत असेल, कोपऱ्यांत भेगा उघडझाप करत असतील, तर बोलणं तिथेच थांबवा. विक्रेता तयार असेल तर खालच्या बाजूचा एखादा स्क्रू काढून बघा. तांबूस पाणी ठिबकलं किंवा स्क्रूला ओला भुसा लागून आला, म्हणजे आतली गोष्ट बाहेर आली. आणि बोटीला ताजा रंग दिलेला असेल तर ‘कधी दिला, का दिला’ हे विचाराच. विकायच्या आठवड्यात दिलेला रंग भेगा झाकायला दिलेला असण्याची शक्यता मोठी. मी स्वतः मळकी पण न रंगवलेली बोट आधी बघायला जाईन.

आत फोम भरलेली बोट असेल तर पाण्यात सोडल्यावर ती किती बुडते ते बघा. तळावरच्या जुन्या रंगाच्या रेषेपेक्षा पाणी बरंच वर येत असेल तर फोमने पाणी पिऊन ठेवलं आहे.

‘नदीत चालवणार तर खाऱ्या पाण्याची भीती नाही’ हे गोव्यातल्या माणसाने लिहावं याचं मला वाईट वाटतं. आपल्या नदीकाठच्या खाजन शेतांना बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवणारी दारं, कशाला आहेत? भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणूनच ना? मांडवीत भरती-ओहोटी मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत गांज्यापर्यंत जाणवते, आणि पाऊस संपून नद्यांचा जोर ओसरला की खारेपण आत आत सरकत जातं. जुवारीत तेच, कुंभारजुव्याच्या कालव्यात तेच. म्हणजे बोट चालवायच्या नेमक्या महिन्यांत तुम्ही खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यातच असता. प्रत्येक फेरीनंतर दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यावर इंजिन चालवून धुतलं पाहिजे. तेव्हा विक्रेत्याला विचारा, कुठे धुता, कसं धुता. रोज धुणारा माणूस लगेच नळी, पिंप, जागा दाखवतो. इंजिन बोटीला धरणाऱ्या ब्रॅकेटवरचं झिंकही बघा, इंजिनाऐवजी आधी ते झिजावं म्हणून बसवलेलं असतं. ते अर्धवट झिजलेलं असणं चांगलं लक्षण, ते आपलं काम करत होतं. त्यावर रंग फासलेला असेल तर ते निकामी आहे आणि त्याच्या वाटचा गंज इंजिनाने खाल्ला आहे.

पावसाळ्यात बोट स्वस्त मिळते, हे त्या मजकुरातलं निम्मं खरं वाक्य. हंगाम संपला की भाव उतरतात, घासाघीस करायला जागा मिळते. पण त्याच दिवसांत चाचणी नीट होत नाही. आग्वादकडे मांडवीचं मुख पावसाळ्यात वाळूचा दांडा आणि लाटांमुळे बंद होतं. खनिजाच्या बार्जीसुद्धा त्या काळात कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात आल्या आहेत. आत नदीत गढूळ पाणी, वाहून आलेले ओंडके, जोराचा प्रवाह. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि ट्रॉलरवाले नेमक्या याच दिवसांत दुरुस्त्या काढतात, त्यामुळे चांगला मेकॅनिक तुमच्यासाठी वेळ काढेलच असं नाही. जुलैत बघा, जरूर बघा. मुसळधार पावसानंतर बोटीत कुठे पाणी साचतं हे तेव्हाच कळतं. थोडा विसार देऊन भावही ठरवा. बाकीचे पैसे मात्र पाऊस सरल्यावर, नदीतल्या चाचणीनंतर, आणि हे कागदावर लिहून.

‘कागद मागाहून होतात.’ नाही होत. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्याखाली नदीतल्या यांत्रिक बोटीला सर्व्हे, म्हणजे सरकारी तपासणी, लागतो, नोंदणी लागते, विमा लागतो. गोव्यात हे काम पणजीच्या बंदर कप्तान खात्याकडे आहे. ज्या बोटीची नोंदणीच कधी झालेली नाही किंवा जी आधीच्या मालकाच्या नावावर अडकून पडली आहे, तिचा सगळा गुंता पैसे मोजल्याक्षणी तुमचा होतो आणि विक्रेत्याला फोन उचलायचं कारण उरत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी नोंदणीचे कागद घेऊन स्वतः खात्यात जाऊन विचारून या. बोटीचे कागद वेगळे, इंजिनाचे वेगळे. इंजिनाच्या ब्रॅकेटवर क्रमांकाची पट्टी असते, तो क्रमांक बिलाशी जुळवा. पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर पुढे बोलू नका. मासेमारीच्या होडीवरचं इंजिन असेल तर ते सरकारी अनुदानातून घेतलं होतं का, हेही विचारा, कारण अशा इंजिनांच्या विक्रीला अटी असतात. आणि नदीत चालवायचे कागद म्हणजे मुखाबाहेर समुद्रात जायची परवानगी नव्हे.

पैशांचं माझं मत सरळ आहे: हातात असलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा बोटीत घालायचाच नाही. नळ्या, इंपेलर, बॅटरी, लाइफ जॅकेट, दोर-नांगर, कागदांचा खर्च, पावसाळ्यात झाकून ठेवायला माडाच्या चुडतांची खोप, हे सगळं त्या हिश्शातून येतं. मोठी बोट म्हणजे सुरक्षित बोट हेही खरं नाही. चौदा-सोळा फुटी बोट चोडण, दिवाडीच्या आसपास फिरायला, गरवायला म्हणजे गळाने मासे धरायला पुरते, आणि ओहोटीत वाळूच्या रेवेवर टेकली तर दोघांना ढकलता येते. चाळीस अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, जुनं टू-स्ट्रोक त्याहून जास्त. लिटरला शंभर रुपये धरले तरी तासाला दीड हजार. ज्याला हा आकडा जड वाटतो त्याने पंधरा-वीस अश्वशक्तीवर थांबावं. पहिल्या बोटीला तेवढं खूप झालं.

राहिले पर्यटक. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच वाक्याचा, कारण इथे नुकसान विकत घेणाऱ्यापुरतं राहत नाही. भाडं घेऊन माणसं बसवायची तर बोट त्या कामासाठी नोंदवलेली आणि सर्व्हे झालेली हवी, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं, पर्यटन खात्याकडे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद हवी. हौसेची किंवा मासेमारीची म्हणून घेतलेली बोट त्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच कागद मागते. २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एका माणसाचा जीव गेला. कुजक्या ट्रान्समची बोट, चाचणी न झालेलं इंजिन आणि पोहता न येणारी आठ अनोळखी माणसं, यांची गाठ घालून ‘एका हंगामात वसूल’ असं लिहिणाऱ्याने त्या माणसांचा विचार केलेला नाही. हा मजकूर तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका. ज्याने पाठवला त्याला फोन करून विचारा, बोट बघायला कधी जातोयस, आणि जमलं तर मेकॅनिकला घेऊन त्याच्यासोबत जा.