टक वाजलं की पंप बंद

सकाळी सकाळी भाच्याने एक लिंक पाठवली. होंडुरासमध्ये रोआतान नावाचं बेट आहे. तिथे कार्ल स्टॅनली हा माणूस स्वतःच्या हाताने बांधलेल्या पाणबुडीतून लोकांना 600 मीटर खाली नेतो. पायलट धरून तिघे जेमतेम मावतात. खाली मिट्ट काळोखात मोठाले शार्क येतात म्हणे. लिंकखाली भाच्याचं वाक्य: "मामा, चल ना, तुला तर आवडेलच."

डोकंच फिरलं माझं. चहा गार झाला.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपण सगळे एकाच जातकुळीचे. ज्या डब्याला आतून कडी नाही त्यात आपण बसत नाही. टायटन नावाच्या पाणबुडीचा दरवाजा बाहेरून बोल्ट मारून बंद करायचे. 18 जून 2023 ला त्यात बसून पाच जण टायटॅनिक बघायला निघाले. पाणबुडी खाली चेपली, परत कोणीच आलं नाही. त्यातला एक फक्त 19 वर्षांचा होता, वडिलांबरोबर आलेला. तिकीट अडीच लाख डॉलरचं, आणि त्यांना प्रवासी म्हणायचं नाही, 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचं! प्रवासी म्हटलं की नियम आले ना. शब्द बदलला की जबाबदारी बदलते, ही अक्कल मात्र भरपूर होती.

मी आयुष्यातली बरीच वर्षं प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या बनवणाऱ्या शॉपमध्ये काढली. नवा होतो तेव्हाची गोष्ट. हायड्रोटेस्ट चालू होती. व्हेसलमध्ये पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा आणि ठरलेला वेळ धरून ठेवायचा. गेज 45 किलोवर. माझ्याकडे वही, दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. बाहेर ट्रक उभा, साहेब घड्याळ बघतायत. तेवढ्यात 'टक' वाजलं. बारीकसं, बोट मोडल्यासारखं. मिस्त्री म्हणाले, "पंप बंद." साहेब म्हणाले, "अहो, वरची स्केल तडकली असेल, चालू द्या." स्केल म्हणजे पोलादावरची खपली. मिस्त्रींनी पंपाशेजारी स्टूल ओढलं आणि त्यावर बसून राहिले. एक शब्द नाही. शेवटी दाब उतरवावा लागला. डीपी टेस्ट केली, म्हणजे लाल रंग लावून तडा शोधायची चाचणी, तर नोझलच्या वेल्डला केसाएवढी लाल रेघ.

हे आज का आठवलं? याच स्टॅनलीमुळे. 2019 च्या एप्रिलमध्ये बहामाजजवळ तो टायटनमधून खाली गेला होता. सगळ्या वाटेने कडकड ऐकली. वर आल्यावर टायटनचा मालक स्टॉक्टन रश याला त्याने ईमेल लिहिला की हा आवाज एका जागचा वाटतो, तिथे काहीतरी बिघडतंय. पुढे त्या कवचात खरंच तडा सापडला आणि ते टाकून द्यावं लागलं. म्हणजे ज्याला मी सकाळी वेडा ठरवला, त्याचे कान आमच्या मिस्त्रींसारखे निघाले. बरं, मान्य. घरी बांधली म्हणून पाणबुडी वाईट होत नाही. एवढंच मान्य, जास्त नाही.

कारण पाणी कोणाचं ऐकत नाही. दर दहा मीटरला साधारण एक किलोचा दाब वाढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. रोआतानच्या 600 मीटरवर 60 किलो. आमच्या टेस्टपेक्षा जास्त, आणि तेही माणसं आत बसवून! टायटॅनिक 3800 मीटरवर, तिथे 380 च्या वर. शिवाय आमचा दाब आतून बाहेर. आतून दाब आला की टाकी ताणली जाते, बहुतेक वेळा कुठेतरी गळून आधी सांगते तरी. बाहेरून दाब आला की सांगणं वगैरे नाही, डबा चेपतो आणि विषय संपतो. त्यातून टायटनचं नळकांडं कार्बन फायबरचं. ते धागे ताणायला जबरदस्त, पण दाबायला? नुसता दोर उभा करून बघा. (हे ढोबळ आहे, मटेरियलवाल्या मित्रांनी कमेंटमध्ये तुटून पडू नये.) 2018 मध्ये या धंद्यातल्याच जाणकारांनी पत्र लिहून सांगितलं होतं की बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्या. उत्तर काय? नियमांमुळे नवं काही घडत नाही! अरे, थर्ड पार्टी इन्स्पेक्टर मलाही कधी आवडला नाही. त्याला शॉपच्या गेटवर बघितलं की पोटात गोळा यायचा. तेवढ्यासाठीच तर तो असतो.

आणि खरा संताप आता येतो. टायटनला दुसरं कवच बनवलं. 2022 च्या जुलैमध्ये 80 व्या फेरीत वर येताना धाडकन आवाज झाला. आत बसलेल्यांनी ऐकला. यंत्रातले आकडेही त्यानंतर बदलले. यावर खुलासा काय, तर कवच सांगाड्यावर जरा सरकलं असेल.

स्केल तडकली असेल!

शब्द वेगळे, साहेब तेच. फक्त तिथे स्टूल ओढून बसणारं कोणी उरलं नव्हतं. कंपनीतल्याच ज्याने आधी विरोध केला त्याला 2018 मध्येच घरी पाठवलं होतं. ते कवच हिवाळाभर उघड्यावर पडून राहिलं आणि पुढच्या वर्षी परत पाण्यात.

1932 साली बर्म्युडाजवळ विल्यम बीब या संशोधकाने खोल समुद्रात बसून जायचा त्याचा लोखंडी गोळा आधी रिकामा खाली सोडला होता. वर आला तो पाण्याने गच्च भरून. दाराचा बोल्ट सैल करायला गेले तर तो तोफेच्या गोळ्यासारखा डेक ओलांडून उडाला. आत बीब असता तर? पण नव्हता. दोन वर्षांनी तोच माणूस त्याच गोळ्यात बसून 923 मीटर खाली जाऊन आला. त्या काळी, दोराला लोंबकळत. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला.

इथे एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. लिहितो. त्या दिवशी 'टक' वाजलं ते मीही ऐकलं होतं, मिस्त्रींच्या आधी. मी गेजच्या जास्त जवळ होतो. आणि वहीत पुढच्या तीन ओळींचे आकडे मी आधीच भरून ठेवले होते, शेवटी 'ओके' सुद्धा. ट्रक उभा होता, साहेब बघत होते, मी तेवीस वर्षांचा. मिस्त्रींनी वही मागितली, पान बघितलं, परत दिली. काही बोलले नाहीत.

तेव्हा रशला शिव्या घालताना माझा आवाज हल्ली जरा उतरतो. तो स्वतःही त्याच डब्यात होता. आपल्याच आकड्यांवर विश्वास ठेवून.

भाच्याला आधी टाइप केलं: "मूर्खा, गप घरी बस." खोडलं. मग लिहिलं: "त्याला विचार, ही पाणबुडी रिकामी किती वेळा खाली गेलीय. आणि खाली जाताना काही वाजलं तर तो काय करतो, ते त्याच्या तोंडून ऐक. मग मला फोन कर."

निळ्या खुणा आल्यात. फोन अजून नाही. मघापासून मी त्या शार्कचा व्हिडिओ तिसऱ्यांदा बघतोय.