लाल डाग दिसेलच असं नाही
बेडसोरवरच्या (सतत एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांवरच्या) एका लेखात म्हटलंय की कातडी लाल झाली की बेडसोरची सुरुवात समजा. सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हा मीपण रोज लालच शोधत होते, पण त्यांचा रंग सावळा, लाल काही दिसलंच नाही, माकडहाडावर जरा काळपट जांभळं वाटलं ते डायपरचा वळ असेल म्हणून सोडून दिलं आणि चार दिवसांत तिथली साल निघाली. मग ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी शिकवलं, नुसतं बघू नका, हाताच्या पालथ्या बाजूने चाचपा, आजूबाजूपेक्षा गरम, टणक नाहीतर पिलपिलीत लागलं की त्या जागेवर भार द्यायचाच नाही. आपल्याकडच्या लेखात हे सगळ्यात आधी यायला हवं हो!

आणि एअर बेड आणला तरी कूस बदलावीच लागते. टाचा तर सगळेच विसरतात, आम्ही पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवायचो. कृपा करून डागावर तेल-पावडर चोळू नका, मी मायेनेच चोळत होते पण त्याने आतलं मांस अजून दुखावतं. ती जखम भरायला अडीच महिने गेले, रोज अंडं, घट्ट वरण आणि कूस बदलायला रात्री 2 चा अलार्म.